घरात अन्न का उरते आणि उरलेले का नासते

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगभरातील दुकाने, खानावळी आणि घरे यांतून मिळून सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातले ६० टक्के घरांतून गेले. हॉटेले आणि खानावळींचा वाटा २८ टक्के होता, तर दुकानांचा १२ टक्के. लग्नाच्या पंगतीनंतर उष्ट्या पत्रावळींचा ढीग पाहून आपण हळहळतो, परंतु हे आकडे पाहिले म्हणजे लक्षात येते की सर्वांत मोठा वाटा कोणाच्या नजरेत न भरणारा आहे. तो रोजच्या चार-पाच माणसांच्या स्वयंपाकातून जातो.

भारतातील घरांसाठी या अहवालाने माणशी वर्षाला ५५ किलो असा अंदाज दिला आहे. पाच माणसांच्या कुटुंबाचे होतात २७५ किलो, म्हणजे दिवसाला पाऊण किलो. ‘आमच्याकडे एवढे जात नाही’ असे जळगाव-धुळ्याकडील, म्हणजे आपल्या खान्देशातल्या, बहुतेक गृहिणी म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे काही अंशी खरेही असेल. कारण या मोजणीत केळीची साले, आंब्याच्या कोयी, वाटाण्याची टरफले असे खाण्याजोगे नसलेले भागही धरलेले असतात आणि भारताचा आकडा मर्यादित पाहण्यांवर आधारलेला आहे. परंतु आकडा निम्मा धरला तरी महिन्याला एका कुटुंबामागे दहा-अकरा किलो होतातच, आणि महागाईच्या दिवसांत तेवढे धान्य-भाजीपाला कोणी दारातून उचलून नेला तर आपण स्वस्थ बसणार नाही.

शेतातून दुकानापर्यंतच्या प्रवासात होणारे नुकसान हा निराळा विषय आहे. मे-जूनच्या वादळात रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातल्या केळीच्या बागा आडव्या होतात, भाव पडला की टोमॅटो बांधावर टाकून दिला जातो. त्यावर घरात बसून इलाज नाही. येथे विचार करायचा आहे तो पिशवी घरात आल्यानंतरचा, किंवा खरे तर पिशवी भरतानापासूनचा.

या नासाडीत फक्त पैसा जात नाही. एक किलो गहू पिकवण्यासाठी जागतिक सरासरीने सुमारे १,८०० लिटर पाणी लागते. त्यात पावसाचे, जमिनीतल्या ओलीचे आणि सिंचनाचे असे सगळे पाणी आले. तीस ग्रॅम पिठाच्या एका पोळीमागे त्यामुळे पन्नास लिटरहून अधिक पाणी खर्ची पडलेले असते. यावल-रावेर भागात विहिरी आणि बोअर वर्षानुवर्षे खोल जात आहेत, गिरणेच्या आवर्तनाकडे, म्हणजे धरणातून पाळीने सुटणाऱ्या पाण्याकडे, डोळे लावून बसलेली गावे आहेत, त्या प्रदेशात हा हिशेब कोणाला समजावून सांगावा लागू नये. दुसरी गोष्ट कचऱ्याची. ओले अन्न कचरा डेपोच्या ढिगात दबले गेले आणि त्याला हवा मिळाली नाही, की ते सडताना मिथेन वायू बाहेर पडतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवून धरतो. जगात माणसामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनापैकी ८ ते १० टक्के वाटा अन्नाच्या हानीचा आणि नासाडीचा मानला जातो.

नासाडी ठरते कुठे

उरलेल्या अन्नाचे काय करावे, यावर घरोघरी पुष्कळ शहाणपण आहे. ते मोलाचे आहे, परंतु तो दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न आहे ते उरले का, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा दोनच ठिकाणी सापडते: बाजारात आणि पातेल्याच्या मापात.

हिवाळ्यातला आठवडे बाजार पाहावा. मेथी, पालक, कोथिंबीर यांचे भाव कोसळलेले असतात, दिवस मावळायला आला की विक्रेता एका जुडीच्या भावात दोन देतो, आणि माणूस स्वस्त मिळाली म्हणून तीन घेऊन येतो. पहिली त्याच दिवशी खुडली जाते. दुसरी दोन दिवसांनी निवडायला घेतली तेव्हा निम्मी पिवळी निघते, तिसरी तर पिशवीतच काळी पडते. भाजी स्वस्त मिळाली हे खरे, पण खाल्लेल्या भाजीचा भाव काढला तर स्वस्ताईतले बरेचसे निघून गेलेले असते. यावर उपाय कमी घेणे एवढाच नाही; घेतलेले कोणत्या क्रमाने संपवायचे हे बाजारातच ठरवणे हा आहे. पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत, त्यानंतर भेंडी, गिलके (घोसाळे), वांगी, आणि आठवड्याच्या अखेरीस टिकाऊ डांगर (लाल भोपळा), दुधी, बटाटे. हा क्रम डोक्यात ठेवून पिशवी भरली तर पुढल्या बाजारापर्यंत टोपली आपोआप रिकामी होते. निघण्यापूर्वी जुन्या टोपलीत डोकावणे तर अगदीच सोपे, पण तेवढे केले जात नाही म्हणून घरात एकाच वेळी तीन ठिकाणी हिरवी मिरची निघते.

दुसरे ठिकाण पातेले. ‘आई, भात किती टाकू?’ असे सुनेने विचारले की उत्तर येते, ‘टाक अंदाजाने, कमी पडायला नको.’ या कमी पडण्याच्या भीतीने जेवढे अन्न वाया जाते तेवढे आळसाने किंवा निष्काळजीपणाने जात नसावे. भीतीही अगदी निराधार नाही. दारी आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय जाऊ न देण्याची रीत असलेल्या घरात दोन माणसांचे जास्तीचे अन्न ठेवणे हा पूर्वी व्यवहारच होता. त्या वेळी कोण कधी येईल ते कळत नसे. आता पाहुणा निघताना फोन करतो, मुले शिकायला पुण्या-नाशिकला गेलेली असतात, एक जण डब्यावर जेवतो, आणि तरी पातेले मात्र सात माणसांचेच राहते.

तांदूळ शिजल्यावर वजनाने साधारण अडीच ते तीन पट होतो. कोरड्या तांदळाची एक जादा मूठ म्हणजे ताटात एका वाढपाचा भात, हे लक्षात घेतले की मुठीचा अंदाज किती महाग पडतो ते समजते. म्हणून भात आणि डाळ यांसाठी एक ठरावीक वाटी तांदळाच्या डब्यातच ठेवावी, आणि आपल्या घरी किती वाट्यांत किती माणसे जेवतात ते आठवडाभर पाहून ठरवावे. दुसऱ्याच्या घरचे माप आपल्याला लागू पडत नाही. भाकरीच्या जेवणात ही अडचण तुलनेने कमी असते, कारण भाकरी खाणाऱ्याच्या मागणीप्रमाणे तव्यावरून उतरते आणि चौथी हवी की नको हे तिसरी खाल्ल्यावर ठरते. कणीक तर झाकून फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत राहते. तेव्हा भात थोडा कमी टाकून वेळ पडल्यास दोन पोळ्या वाढवणे, हा अनपेक्षित पाहुण्यासाठीचा अधिक शहाणा बंदोबस्त आहे. अर्थात सगळे जेवेपर्यंत तव्याजवळ बसून राहणारी एकच व्यक्ती असेल तर हा शहाणपणा तिच्या पाठीवर उभा राहतो, हेही विसरू नये.

वाढण्याबद्दल फार सांगण्याची गरज नाही. आधी थोडे वाढावे, मागितले की पुन्हा वाढावे. आग्रह पहिल्या वाढीला न करता दुसऱ्या वाढीला करावा.

आपल्या घरी नेमके काय वाया जाते हे मोजल्याशिवाय कळत नाही. आठवडाभर ओट्याजवळ एक वही ठेवावी आणि टाकलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे तीन नोंदी कराव्यात: काय, अंदाजे किती आणि का. तिसरी नोंद सर्वांत महत्त्वाची आहे. ‘अर्धी वाटी वरण’ याने काही कळत नाही; ‘अर्धी वाटी वरण, रात्री बाहेर राहिले’ याने उपाय कळतो. ही वही कोणाची चूक काढण्यासाठी आहे असा वास आला की लोक अन्न गुपचूप टाकू लागतात, म्हणून लिहिण्याचे काम घरातल्या सर्वांनी आळीपाळीने करावे.

उन्हाळ्यातले घड्याळ

अन्न खराब होण्याचा वेग सर्वत्र सारखा नसतो. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, आणि कौलारू किंवा पत्र्याच्या घरातल्या स्वयंपाकघरात दुपारी भिंतीसुद्धा तापलेल्या असतात. अशा हवेत कोकणातल्या किंवा पुण्यातल्या सवयी चालत नाहीत.

अन्नात वाढणाऱ्या बहुतेक घातक जिवाणूंना ५ ते ६० अंश सेल्सिअस या दरम्यानचे तापमान मानवते, आणि त्यातही शरीराच्या तापमानाच्या आसपास ते सर्वांत जोमाने वाढतात. अनुकूल परिस्थितीत काही जिवाणूंची संख्या दर वीस मिनिटांनी दुप्पट होते. त्या वेगाने एकाचे तीन तासांत पाचशे बारा होतात. जागतिक आरोग्य संघटनेचा सर्वसाधारण सल्ला असा आहे की शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये. अमेरिकेतील मार्गदर्शक सूचना याच्या पुढे जाऊन सांगतात, की भोवतालचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर ही मुदत एकच तास धरावी. आपल्याकडे मार्चपासून पाऊस पडेपर्यंत दुपारी घरातले तापमान त्याच्या वरच असते, म्हणजे वर्षातले किमान तीन महिने आपले घड्याळ एका तासाचे आहे.

भाताबद्दल विशेष काळजी घ्यावी लागते. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, आणि ते उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. शिजलेला भात कोमट अवस्थेत पडून राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या घडवणारे विष तर पुन्हा फोडणी देऊन किंवा परतूनही नष्ट होत नाही. रात्रभर पातेल्यात राहिलेल्या भाताला सकाळी वास येत नसला तरी तो सुरक्षित असेलच असे नाही, ते यामुळे. दुपारचा भात उरणार असे दिसताच तो परातीत पातळ पसरावा, जाळी झाकून पंख्याखाली निववावा आणि तासाभरात उथळ डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवावा. वरण किंवा आमटी असेल तर पातेले थंड पाण्याच्या परातीत ठेवून ढवळत राहावे. दूध टिकवण्यासाठी जुन्या घरांत हेच करीत असत. भले मोठे गरम पातेले तसेच फ्रिजमध्ये ढकलले तर आतला मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि शेजारच्या दुधालाही तापवतो.

फ्रिजचे आतले तापमान ५ अंशांच्या खाली असावे. दाराच्या कप्प्यात ते सर्वांत जास्त असते, म्हणून दुधाची पिशवी तेथे न ठेवता आत ठेवावी. शिजवलेले अन्न दोन-तीन दिवसांत संपवावे, आणि एका वेळी लागेल तेवढेच बाहेर काढून वाफा येईपर्यंत गरम करावे. पूर्ण डबा गरम करून उरलेला परत आत ठेवणे, हा उद्योग दोन-तीनदा झाला की तो डबा शेवटी कचऱ्यातच जातो.

खेड्यांत भारनियमनाचा प्रश्न येतो. दार उघडले नाही तर वीज गेल्यावर फ्रिजमधले अन्न साधारण चार तास सुरक्षित थंड राहते. काठोकाठ भरलेल्या फ्रीझरमधले दोन दिवस, अर्ध्या भरलेल्यातले एक दिवस. फ्रीझरमध्ये रिकामी जागा असेल तर तेथे पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवाव्यात. वीज रोजच पाच-सहा तास जात असेल, तर फ्रिजच्या भरवशावर उरलेले अन्न ठेवण्यापेक्षा दोन वेळा थोडे-थोडे शिजवणे बरे.

भाजीला थंडी बाधते

फ्रिज आला म्हणजे सगळे त्यात ठेवायचे, ही समजूत बऱ्याच भाज्यांच्या मुळावर येते. केळी उष्ण प्रदेशातले फळ असल्याने १३ अंशांच्या खाली त्याच्या सालीतल्या पेशींना इजा होते आणि साल काळी पडते. कच्चे केळे थंडीत ठेवले तर पुढे नीट पिकतही नाही. वांगी, भेंडी, काकडी, गिलके यांनाही १० अंशांच्या खालची थंडी सोसत नाही. भरताची हिरवी मोठी वांगी आठवडाभर फ्रिजमध्ये राहिली की सालीवर खळगे पडतात आणि भाजण्यासाठी चिरली की आत बिया तपकिरी निघतात. ही वांगी सावलीत, वारा लागेल अशा ठिकाणी ठेवून दोन-तीन दिवसांत भरीत करून मोकळे व्हावे. बटाट्यातल्या पिठुळ भागाची थंडीत साखर होते, म्हणून तोही बाहेर, पण अंधारात ठेवावा. उजेडात त्याची साल हिरवी होते आणि त्यात सोलॅनिन नावाचे विषारी द्रव्य वाढते.

पिकणारे फळ इथिलीन नावाचा वायू सोडते, आणि तो वायू भोवतालच्या फळाभाज्यांनाही पिकवतो. पिकत आलेली केळीची फणी, आंबे, पपई, टोमॅटो यांच्याशेजारी ठेवलेली पालेभाजी म्हणूनच लवकर पिवळी पडते आणि काकडीही लवकर पिवळी होते. ज्या घरात शेतातून केळीचा आख्खा घड येतो त्या घरात हे नेहमी घडते, कारण घड आणि भाजीची टोपली एकाच कोपऱ्यात असते. घड निराळ्या खोलीत टांगावा आणि त्यातल्या फण्या पिकतील तशा उतरवाव्यात. कोथिंबीर, मेथी यांची मुळे कापून, न धुता, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावे. पानांवर राहिलेले पाणीच त्यांना कुजवते.

फ्रिज नसेल किंवा भाजीपुरता तो नको असेल, तर आपल्या हवेत एक जुना उपाय उत्तम चालतो. माठातले पाणी गार होते त्याच तत्त्वावर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात विजेशिवाय चालणारा शीतकक्ष विकसित केला: विटांच्या दोन भिंती, मध्ये सुमारे साडेसात सेंटिमीटरची फट, फटीत नदीची वाळू, आणि वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी. वाळूतले पाणी वाफ होताना उष्णता ओढून घेते, त्यामुळे कडक उन्हाळ्यात आतले तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी कमी राहते आणि हवेतला ओलावा ९० टक्क्यांच्या आसपास टिकतो. घरासाठी एवढे बांधकाम नको. एक मोठे माठासारखे मडके, त्यात एक लहान मडके, मधल्या जागेत ओली वाळू आणि तोंडावर ओले गोणपाट एवढे सावलीत, वाऱ्याच्या जागी मांडले तरी भाजी बाहेरच्यापेक्षा पुष्कळ अधिक टिकते. आतले तापमान फ्रिजइतके खाली जात नसल्याने वांग्यांना आणि काकडीला हे ठिकाण फ्रिजपेक्षाही अधिक मानवते. हवा कोरडी असेल तरच हे काम करते. पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली की त्याचा उपयोग संपतो. दूध किंवा शिजवलेले अन्न ठेवण्याइतकी थंडी त्यात कधीच नसते.

धान्याच्या बाबतीत आपल्याकडची परंपरा भक्कम आहे, फक्त तिचे कारण माहीत असले म्हणजे चूक होत नाही. एप्रिल-मेमध्ये वर्षाचे गहू-ज्वारी कडक उन्हात वाळवतात, कारण दाण्यात ओल राहिली की कीड आणि बुरशी दोन्ही वाढतात. दाणा दातांखाली ‘कट’ असा आवाज करून फुटला पाहिजे, ही जुनी परीक्षा आजही पुरेशी आहे. मात्र उन्हातून काढलेले गरम धान्य लगेच कोठीत भरू नये. आत निवताना पत्र्याला घाम सुटतो आणि वाळवण्याची मेहनत वाया जाते. तूर-हरभऱ्याच्या डाळीला एरंडेल तेलाचा हात लावला की भुंगेऱ्याला अंडी घालायला जागा मिळत नाही. कीड मारण्यासाठी गॅस सोडणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या मात्र राहत्या घरात कधीही वापरू नयेत, त्या जीवघेण्या आहेत. आणि घरात दोनच माणसे उरली असतील, तर वर्षाचे धान्य भरण्याचा हट्ट सोडून तीन महिन्यांचे भरावे.

शेंगदाण्यांशिवाय खान्देशी स्वयंपाक होत नाही, म्हणून एक इशारा आवश्यक आहे. ओल लागलेल्या शेंगदाण्यांवर, मक्यावर आणि मिरचीवर वाढणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते, ते यकृताला घातक आहे आणि घरच्या भाजण्या-तळण्याने पुरेसे नष्ट होत नाही. सुरकुतलेले, काळपट, कडू दाणे निवडून टाकणे ही नासाडी नाही. ब्रेडवरची बुरशी खरवडून उरलेला ब्रेड खाण्याचेही तसेच. वर दिसते त्याहून तिची मुळे खोल गेलेली असतात.

पाकिटांवरच्या तारखांचा गोंधळ थोडक्यात मिटवता येतो. ‘बेस्ट बिफोर’ ही तारीख चव आणि कुरकुरीतपणा यांच्याशी संबंधित असते. ती उलटली म्हणजे बिस्किटे किंवा मसाला लगेच फेकण्याची गरज नसते, उघडून, वास घेऊन ठरवावे. ‘एक्सपायरी’ किंवा ‘यूज बाय’ ही तारीख सुरक्षिततेची असते, ती उलटल्यावर पदार्थ खाऊ नये. २०२० च्या लेबलविषयक नियमांनी भारतात ही दुसरी तारीख छापणे बंधनकारक केले आहे.

उरलेच तर

एवढे करूनही उरतेच, आणि तेथे खान्देशी स्वयंपाकघराला कोणी काही शिकवण्याची गरज नाही. शिळ्या पोळीचे कुटके फोडणीत परतले जातात, किंवा गूळ-तूप घालून त्यांचा लाडू वळला जातो. बट्टी उरली तर तिचा चुरमा होतो. जास्तीच्या वरणात कणकेचे तुकडे सोडून चिकोल्या होतात, आंबट झालेल्या दह्याची कढी फुनक्यांबरोबर (डाळीच्या वाफवलेल्या मुटक्यांबरोबर) जेवणात येते, काल केलेले भरीत ज्वारीच्या पिठात मळून थालीपिठात जाते, आणि फार पिकलेल्या केळ्यांचे गव्हाचे पीठ व गूळ घालून गुलगुले होतात. दोडक्याच्या शिरांची चटणी, फ्लॉवरच्या कोवळ्या पानांची भाजी, मेथीच्या कोवळ्या काड्या डाळीत, टरबुजाच्या सालीखालचा पांढरा गर भाजीत, हे सगळे पूर्वापार चालत आलेले आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पुरण जास्त झाले तर सगळ्या पोळ्या लाटून ठेवू नयेत, पुरणच फ्रिजमध्ये ठेवून लागेल तशी पोळी करावी. आमरसही त्या त्या जेवणापुरताच काढावा, कारण आख्खा आंबा रसापेक्षा अधिक टिकतो. सणाला सढळ हात असावा हे मान्यच, परंतु सण म्हणजे बेहिशेब अन्न असेही नाही. श्रावणात कानबाई या खान्देशी लोकदेवीच्या उत्सवात रोटांच्या प्रसादासाठी अनेक घरांत माणसांच्या हिशेबाने मूठ मोजून गहू घेतले जातात आणि तो प्रसाद भावबंदांतच संपवायचा असतो.

या कौशल्याला दोन मर्यादा आहेत. उरलेला वाटीभर भात वाचवण्यासाठी कढईभर तेल तापवून वडे तळणे हा हिशेब उलटा आहे. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. पुष्कळ घरांत काहीच वाया जात नाही, कारण जे उरते ते घरातली बाई दुसऱ्या दिवशी खाते; बाकीच्यांना ताजे, तिला कालचे. तशा घरातला कचऱ्याचा डबा रिकामा असला तरी तेथील नासाडी थांबलेली नसते, ती तिच्या पोटात ढकललेली असते, आणि उन्हाळ्यात त्या सवयीने तिला आजारपणही येते. उरलेले अन्न सुरक्षित असेल तर ते सर्वांच्या ताटांत थोडे-थोडे वाढले जावे. तसे होऊ लागले की भात किती टाकायचा, याचा विचारही घरातले सगळे आपोआप करू लागतात.

शेवटी साले, देठ, कोयी आणि थोडेफार खराब झालेले अन्न राहते. गुरे असली की ते त्यांच्यापुढे जाते, आणि साले-देठ, भाजीचा पाला यांसाठी ते उत्तमच आहे. परंतु सणानंतर उरलेला पातेलेभर भात, पोळ्यांची चवड किंवा पुरण एकदम गाईला घालणे पुण्याचे काम नाही: पिठुळ अन्न एका वेळी फार गेले की तिच्या पोटात आम्ल वाढते, पोट फुगते, रवंथ थांबते आणि प्रसंगी जनावर दगावते. बुरशी आलेले अन्नही जनावराला देऊ नये, आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तर काहीच रस्त्यावर ठेवू नये, कारण जनावर पिशवीसकट गिळते.

गुरे नसतील तर घरच्या घरी खत होते. बुडाला आणि बाजूंना भोके पाडलेल्या बादलीत तळाशी वाळलेल्या पानांचा थर द्यावा, ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक ओंजळीवर साधारण दुप्पट पालापाचोळा किंवा बारीक केलेल्या पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडे) टाकाव्यात आणि आठवड्यातून दोनदा खालीवर करावे. दुर्गंधी येत असेल तर ओल जास्त झाली आहे असे समजून कोरडा पाला वाढवावा. हवा खेळती राहिली की मिथेनही तयार होत नाही. तेलकट, शिजवलेले अन्न थोडेच घालावे. कचऱ्याचे दोन-तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत, मातीचा वास असलेले खत होते. उन्हाळ्यात आपल्याकडे बादली चार दिवसांत कोरडी पडते आणि कुजण्याची क्रिया थांबते, म्हणून मूठभर खत दाबले असता हाताला ओल लागेल पण थेंब गळणार नाही, इतपत पाणी शिंपडत राहावे लागते. पावसाळ्यात तीच बादली वळचणीपासून दूर, झाकण घालून ठेवावी.